अर्धा सिलिंडर

लोकांचे पगार काढणं हाच माझा धंदा,
तेव्हा स्वतःच्या हिशेबात मी सहसा चुकत नाही.

वास्कोतल्या खोलीचं भाडं साडेपाच हजार.
सोमवारी पहाटे मये ते डिचोली, डिचोली ते पणजी,
पणजी ते वास्को, आणि शुक्रवारी तेच उलटं.
महिन्यातून एकदा शेवटची बस चुकणार,
मग रिक्षावाला तोंडाकडे न बघताच, "चारशें."
कॅन्टीनची थाळी, हुमणात सुंगटं मोजून तीन.
इस्त्री. चपला.
आणि दर शुक्रवारी ओवीसाठी काहीतरी,
खोडरबर, पिना, एकदा बोलणारा पोपट,
ते सगळं मी "इतर"मध्ये टाकायचे.

आता हे वजा.

कंपनीनेही वजा केलं म्हणा:
"प्रवास नाही, तर प्रवासभत्ता कसला?"
विजेचं बिल फुगलं,
इन्व्हर्टरचे हप्ते अजून चार बाकी.
तरी सगळं जाऊन सात हजार दोनशे
दर महिन्याला माझ्या हातात राहतात.
मी तीनदा बेरीज केली. राहतात.

त्यातून ओवीच्या दातांना तार बसली.
विहिरीवरचा पंप, जो दोन वर्षं
"पुढच्या महिन्यात" होता, तो आता पाणी ओढतो.
आणि बुधवारी दुपारी दारात बांगडे येतात,
डोळे लख्ख असलेले.
इतकी वर्षं मी बुधवारचे बांगडे
शनिवारी खात होते.

सकाळी मीटिंगमध्ये पोदेराचा भोंपू वाजतो,
मुंबईचे साहेब दचकतात,
मी आवाज बंद करून पाच उंडे घेऊन येते.

जेवणाच्या टेबलावर, कोकमाच्या बाटलीशेजारी
स्क्रीनवर माझे खलाशी उघडतात:
इनास कार्दोज, मोटरमन, सिंगापूरच्या बाहेर.
दत्तू खोर्जुवेकर, दुसरा आचारी, नऊ महिने झाले.
मूळ वेतन, जादा तास, घरापासून दूर राहण्याचा भत्ता.
ते जेवढे लांब, तेवढा त्यांचा आकडा वर चढतो.
माझा मात्र जवळ आल्यावर चढला.
हे कोणत्या नियमात बसतं,
मी शोधत नाही. महिनाअखेर असते.

पिएदादबाईंचा घोव असाच तारवटी.
तो गेल्यावर पेन्शन आली ती एवढीशी,
आणि मागच्या बाजूची ती खोली, माझी.
साडेपाच हजार.
माझ्या वहीत "वाचले" लिहिलं ती एक तारीख,
त्यांच्या वहीत त्याच एक तारखेला
काय लिहिलं असेल,
हा प्रश्न मला यायला पाच महिने लागले.
आलाही नसता. त्यांचाच फोन आला.

"गो बाय, तुज्या सिलिंडरांत गॅस अर्दो उरला.
हांव ताचेर रांदतां.
तुजे पयशे म्हजेलागीं आसात."
मी म्हटलं, राहू द्या हो.
"कित्याक रावूं? हिशोब तो हिशोब."
खोली? "खाली आसा," त्या म्हणाल्या,
जसं कुणी सांगावं, आज उकडतंय.

शुक्रवारी सकाळी अकरा बाराला
फोन टिणकला: चारशे वीस रुपये जमा,
पिएदाद रेबेलो.
नातवाने करून दिलं असणार.
मी दत्तूचे जादा तास भरत होते,
दोनदा चुकले.

चारशे वीस कुठे लिहायचे?
मिळकत नाही. बचत नाही.
"इतर" हे सदर तर मी कधीच काढून टाकलंय.

संध्याकाळी सातला, सवयीनं,
ओवी दाराशी उभी: "आई, काय आणलंस?"
मी दिवसभर घरातच, तिच्यापासून आठ पावलांवर.
तिला ते ठाऊक आहे. तरी विचारते.

रात्री आकडेमोड केली:
दोघींचं वास्कोचं जाणं-येणं,
एक अर्धं तिकीट,
वर डझनभर केळी नेता येतील
चारशे वीसमध्ये.
पिएदादबाई रविवारी मिसा, मग लेकीकडे,
घरी भेटतात त्या फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी.

म्हणजे रजा टाकावी लागेल.